प्रतिबंधकाचा अभाव: छोट्या रेल्वेचा वीजपुरवठा आणि कुंभकोणमची तर्कपरंपरा

कारणांची सगळी जुळणी झालेली दिसत असूनही कार्य घडत नाही, तेव्हा कारणातले सामर्थ्य नष्ट झाले असे मानावे, की सामर्थ्य नावाचे वेगळे तत्त्व न कल्पिता कार्याच्या वाटेत काहीतरी आडवे आले एवढेच म्हणावे, हा भारतीय दर्शनांतला एक जुना आणि चिवट वाद आहे. ग्रंथांत त्याचे ठरलेले उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी आहे, इंधन आहे, दोहोंचा संयोगही आहे. तरीही चंद्रकांत नावाचा मणी जवळ आणताच दाह थांबतो आणि तो दूर नेताच दाह पुन्हा सुरू होतो. असा मणी कोणी पाहिला आहे काय, हा प्रश्न या वादात गौण ठरतो, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या सामग्रीत फरक नसताना कार्यात फरक पडला तर त्याचा हिशेब कसा लावायचा, एवढेच त्या उदाहरणातून विचारायचे असते. कार्याला अडवणाऱ्या अशा वस्तूला ‘प्रतिबंधक’ आणि तिच्या नसण्याला ‘प्रतिबंधकाभाव’ म्हणतात. हा वाद वरवर कितीही सूक्ष्म वाटला, तरी मूर्तीचे पूज्यत्व, नामस्मरणाचे फळ आणि साधनेचे अपयश हे धर्मजीवनातले तीन मोठे प्रश्न त्याच्याशी जोडलेले आहेत.

कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसराला या वादाशी निकटचे नाते आहे. वेदान्तपरिभाषा हा अद्वैताच्या ज्ञानमीमांसेचा पाठ्यग्रंथ लिहिणारे सतराव्या शतकातले धर्मराज अध्वरींद्र याच भागातल्या कंडरमाणिक्कम गावचे होते, आणि गंगेशाच्या तत्त्वचिंतामणीवर दहा टीकांचे खंडन करणारी टीका आपण रचली असल्याचे ते त्या ग्रंथाच्या आरंभी सांगतात. म्हणजे मिथिलेत चौदाव्या शतकात गंगेशाच्या याच ग्रंथातून उभा राहिलेला नव्यन्याय, अर्थात काटेकोर व्याख्यांवर भर देणारे नवे तर्कशास्त्र, त्यांच्या काळापर्यंत कावेरीच्या खोऱ्यात पुरता रुजलेला होता. पुढे तंजावरचे मराठा राजे शहाजी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे पुत्र, यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव पडले. व्याकरण, काव्य, वेदान्त आणि भक्तिशास्त्र यांचे जाणकार तेथे एकाच वस्तीत नांदत होते, त्यामुळे तर्कातला प्रश्न भक्तीच्या अंगणात जायला तेथे फारसे अंतर नव्हते.

वादाच्या दोन बाजू अशा आहेत. वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते अग्नीमध्ये त्याच्या दिसणाऱ्या रूपाहून वेगळी, अनुमानानेच कळणारी ‘शक्ती’ असते. मणी जवळ आला की ती कुंठित किंवा नष्ट होते आणि म्हणून दाह होत नाही. प्राभाकर मीमांसकांनी तर शक्तीला स्वतंत्र पदार्थ, म्हणजे विश्वातल्या मूलभूत प्रकारांपैकी एक, असा दर्जा दिला. त्यांच्या आग्रहामागे धार्मिक गरज होती, कारण यज्ञ क्षणात संपतो आणि त्याचे फळ पुष्कळ काळाने मिळते, तेव्हा मधल्या काळात ते फळ धरून ठेवणारे काहीतरी अदृश्य मानल्याखेरीज वेदवचन सार्थ ठरत नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, विशेषतः उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत आणि नंतर गंगेशाने, ही कल्पना नाकारली. मणी आला की एक शक्ती मरते, गेला की दुसरी जन्मते, अशी अनंत शक्तींची उत्पत्ती आणि नाश मानणे म्हणजे कल्पनेचा नाहक बोजा वाढवणे होय. त्यापेक्षा अग्नी आणि इंधन यांप्रमाणेच मण्याचा अभाव हेही दाहाचे एक कारण आहे असे मानले की काम भागते. अभाव म्हणजे शून्य आणि शून्यातून कार्य कसे होईल, या आक्षेपाला उदयनांचे उत्तर असे की एखादी गोष्ट कारण आहे की नाही हे तिच्या असण्यानसण्याबरोबर कार्याचे असणेनसणे कसे बदलते यावरून ठरते, आणि या कसोटीला भाव जसा उतरतो तसाच अभावही उतरतो.

मणी कोणाच्या हाती नसल्यामुळे हा वाद पुस्तकी वाटतो. म्हणून तो अशा ठिकाणी नेऊन पाहणे उपयोगाचे ठरते, जेथे कारणे मोजता येतात, प्रतिबंधक हाताने ठेवता आणि काढता येतो, आणि कार्य घडले की नाही हे क्षणात कळते. छोट्या प्रमाणातल्या रेल्वेचा मांडलेला संच हे असे ठिकाण आहे. मराठी वाचकांना पुण्याच्या कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय परिचित असते; तेथे दिसतात त्या गाड्या, सिग्नल आणि दिवे, परंतु अशा कोणत्याही संचाचा खरा भार फळीच्या खालच्या तारांवर असतो. एचओ नावाच्या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या १:८७ आकारात, रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि साध्या पद्धतीत सुमारे १२ व्होल्टची एकदिश वीज एका रुळातून चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत जाते व दुसऱ्या रुळातून परत फिरते. रूळ येथे वाटही आहे आणि तारही, त्यामुळे वाटेतला प्रत्येक दोष हा वीजपुरवठ्यातलाही दोष ठरतो.

संच मोठा झाला की पहिली तक्रार येते ती दूरच्या टोकाला गाडी मंदावण्याची. नवशिका छंदिष्ट अशा वेळी अधिक ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आणतो, आणि त्याच्या या कृतीत नकळत मीमांसकाचा पक्ष दडलेला असतो: सामर्थ्य उगमात साठलेले आहे, ते कमी पडले, म्हणून उगम बदलावा. वास्तविक उगमापाशी मोजले तर १२ व्होल्ट जसेच्या तसे असतात. तूट पडते ती वाटेत. रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांचा विद्युत्‌रोध तांब्याच्या कित्येक पट असतो. शिवाय दोन रुळांना जोडणाऱ्या पातळ पत्र्याच्या जोडपट्ट्या काळाने सैल आणि मलिन होतात. उपाय म्हणून फळीखालून जाड तांब्याच्या दोन मुख्य तारा संपूर्ण संचाच्या लांबीभर नेतात आणि त्यांपासून दर मीटरभर अंतरावर आखूड फाटे वर काढून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला डाग देऊन जोडतात, जेणेकरून वीज जोडपट्टीवर अवलंबून राहत नाही. दहा मीटर दूरच्या टोकाला तीन अँपिअर प्रवाह पोहोचवायचा असेल, तर जाण्यायेण्याची मिळून वीस मीटर तार लागते. ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असली तर वाटेतच सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात, आणि अडीच चौरस मिलिमीटरची असली तर अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. धातू, जाडी, लांबी आणि भार एवढ्या दृश्य गोष्टी सांगितल्या की तुटीचा पूर्ण हिशेब लागतो आणि त्यापलीकडे क्षीण झालेली कोणतीही शक्ती शिल्लक राहत नाही, हा नैयायिकाच्या लाघवाचा, म्हणजे कमीत कमी कल्पनांत उलगडा करण्याच्या तत्त्वाचा, स्पष्ट विजय आहे.

तथापि वाद येथे संपत नाही, कारण मीमांसक एक अडचणीचा प्रश्न विचारतो. मणी जवळ असतानाही, ‘उत्तेजक’ नावाचा दुसरा मणी आणला तर दाह पुन्हा होतो. मग प्रतिबंधकाचा अभाव हे दाहाचे कारण कसे, प्रतिबंधक तर तेथेच आहे? नव्य नैयायिकांनी यावर आपली व्याख्या सुधारली: नुसत्या मण्याचा अभाव हे कारण नसून उत्तेजकाची साथ नसलेल्या मण्याचा अभाव हे कारण आहे. हे उत्तर ऐकताना केवळ शब्दांची कसरत वाटते, परंतु छोट्या रेल्वेत त्याचा तंतोतंत प्रत्यय येतो. रुळावर ऑक्साइड आणि धूळ यांचा थर असला की चाक आणि रूळ यांचा संपर्क क्षणभर तुटतो आणि गाडी अडखळते. इंजिनात पुरेशा क्षमतेचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा घटक, बसवला की तीच गाडी त्याच मळलेल्या रुळावरून न थांबता जाते. मळ नाहीसा झालेला नाही, उगमाची ताकद वाढलेली नाही. मळाला प्रतिबंधक ठरवणारी परिस्थिती तेवढी बदलली. म्हणून ‘मळ’ ही वस्तू आणि ‘प्रतिबंधक’ ही तिची भूमिका वेगळी आहे, आणि ती भूमिका सोबतच्या इतर गोष्टींवर अवलंबून असते.

याच्या नेमकी उलट बाजू फिरत्या वळणात दिसते. रूळ वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळतो, तेथे डावा रूळ उजव्या रुळाला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. ते टाळण्यासाठी दोन्ही रुळांत मुद्दाम फट ठेवून तो तुकडा विद्युतदृष्ट्या अलग करतात आणि गाडी आत असताना त्याची ध्रुवता बदलतात. येथे अखंड जोड हा प्रतिबंधक आहे आणि फट हे गाडी चालण्याचे कारण आहे. मोठ्या रेल्वेतही हेच घडते. कुंभकोणमवरून जाणारा मुख्य मार्ग, जो दक्षिण भारतीय रेल्वे कंपनीच्या काळापासून मीटरगेज होता आणि आता ब्रॉडगेज व विद्युतीकृत आहे, त्यासारख्या २५,००० व्होल्टच्या मार्गांवर वेगवेगळ्या उपकेंद्रांचे पुरवठे एकमेकांना भिडू नयेत म्हणून वरच्या तारेत वीज नसलेला लहान टप्पा ठेवतात, आणि गाडी आपल्या वेगाच्या बळावर तो ओलांडते. विश्वासार्ह पुरवठ्यात अखंडपणा आणि खंड या दोहोंना नेमलेली जागा असते. यावरून निघणारा निष्कर्ष असा की कोणतीही वस्तू स्वभावतः प्रतिबंधक नसते. अमुक कार्याच्या संदर्भात, अमुक रचनेत ती प्रतिबंधक आहे, एवढेच प्रमाणपूर्वक म्हणता येते.

अभाव हे कारण आहे असे मान्य केल्यावर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: हा अभाव कळतो कसा? येथे धर्मराजांच्या ग्रंथाचे महत्त्व आहे. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच धरतात, तर भाट्ट मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र कोणतेही न आढळणे पुरेसे नसते. ते ‘योग्य’ असावे लागते. जी वस्तू असती तर नक्की आढळली असती, अशा परिस्थितीत ती आढळत नसेल, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही.

तारा जोडणाऱ्याचे निम्मे काम या एका अटीवर उभे असते. अर्धवट तुटलेल्या किंवा कच्चा डाग असलेल्या जोडाच्या पलीकडे मल्टीमीटर लावला, तर तो बहुधा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मापकयंत्र जवळजवळ प्रवाह घेतच नाही आणि प्रवाह नसेल तर रोधावर व्होल्ट खर्च होत नाहीत. दोष आढळला नाही, तरी ती अनुपलब्धी योग्य नव्हती. त्याच जागी इंजिन किंवा दिव्याचा भार ठेवून मोजले की आकडा कोसळतो आणि दोष उघडा पडतो. डिजिटल नियंत्रणाच्या संचांत, जेथे रुळात कायम पूर्ण दाब असतो, याहून कठोर कसोटी रूढ आहे: रुळाच्या प्रत्येक तुकड्यावर धातूचे नाणे आडवे ठेवून मुद्दाम शॉर्ट सर्किट करायचे आणि प्रत्येक वेळी पुरवठा तत्काळ बंद पडतो की नाही हे पाहायचे. एखाद्या जागी तो बंद पडला नाही, तर वाटेतला रोध इतका आहे की संरक्षक यंत्रणेला संकटाची जाणीवच होत नाही आणि तार तापत राहते. गाडी सुरळीत धावते, एवढ्यावर दोषाचा अभाव सिद्ध होत नाही. दोष असता तर तो ज्या परीक्षेत लपू शकला नसता, ती परीक्षा घ्यावी लागते.

आता हाच विचार धर्माच्या क्षेत्रात आणता येतो. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत शक्ती येते काय, हा प्रश्न कुंभकोणमसारख्या मंदिरांच्या नगरात, जेथे ठरावीक वर्षांनी कुंभाभिषेकाने मंदिरांची पुनःप्रतिष्ठा होत असते, निव्वळ सैद्धांतिक राहत नाही. मीमांसक येथे ‘आधेय शक्ती’, म्हणजे संस्काराने बाहेरून घातलेली शक्ती, मानतो. गंगेशाने तीही नाकारली. प्रतिष्ठेचा विधी तर होऊन संपलेला असतो; तेव्हा त्या विधीचा ध्वंस, म्हणजे घडून गेल्यानंतरचा त्याचा अभाव, आणि त्याच्या जोडीला शास्त्राने निषिद्ध ठरवलेल्या स्पर्शांचा अभाव, एवढ्यावर मूर्तीचे पूज्यत्व त्याने उभे केले. पाषाणात काही भरलेले नाही. एक गोष्ट घडून गेली आहे आणि काही गोष्टी घडलेल्या नाहीत, एवढेच. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर कमालीचे स्वच्छ आहे, पण त्यातला दुसरा घटक पुढे तपासावा लागेल.

नामाचा प्रश्न याच परिसरात अधिक तीव्रतेने विचारला गेला. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला ज्यांची समाधी आहे ते भगवन्नाम बोधेंद्र आणि तिरुविशनल्लूरचे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे दक्षिणेतल्या नामसिद्धांताचे दोन आधारस्तंभ होत. त्यांच्यानंतर मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी ज्या भजनपद्धतीला आकार दिला, तिच्यात मराठी अभंगांना मानाचे स्थान मिळाले, आणि गोविंदपुरमला अलीकडे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिरही उभे राहिले आहे. नामसिद्धांताचे म्हणणे असे की भगवंताचे नाम स्वतःच्या बळाने पापाचा नाश करते आणि त्याला अन्य विधीची जोड लागत नाही. भागवतातल्या अजामिळाने मुलाला हाक मारताना उच्चारलेले नामही निष्फळ गेले नाही. यावर साहजिक आक्षेप येतो की असंख्य माणसे नाम घेतात, तरी त्यांच्यात पालट दिसत नाही. परंपरेचे उत्तर प्रतिबंधकाचे आहे: नामाचे दहा अपराध आहेत आणि ते फळ अडवतात. संतांची निंदा, शिव आणि विष्णू यांत भेद मानणे, नामाच्या बळावर पाप करणे, नामाचा महिमा हा अर्थवाद, म्हणजे निव्वळ स्तुतीची अतिशयोक्ती, असे समजणे, हे त्यांतले काही होत. सारंगपाणी आणि कुंभेश्वर यांची मंदिरे एकाच नगरात असलेल्या समाजात शिव-विष्णूंच्या भेदाला फळाच्या आड येणारा दोष ठरवणे, यात तात्त्विक धैर्य होते.

परंतु अशा उत्तरात एक धोका आहे आणि तो मीमांसकांनी नैयायिकांवर घेतलेल्या आक्षेपाचेच रूप आहे. कार्य घडले नाही म्हणून प्रतिबंधक होता असे म्हणायचे, आणि प्रतिबंधक कशाला म्हणतात असे विचारल्यावर ज्यामुळे कार्य घडत नाही त्याला, असे सांगायचे, हा अन्योन्याश्रय, म्हणजे एकमेकांवरच टेकलेल्या दोन विधानांचा दोष होय. असे उत्तर कधीच खोटे ठरू शकत नाही आणि म्हणूनच ते काही सांगतही नाही. तारांच्या कामात हा दोष शिरत नाही, कारण सैल जोड हा गाडी थांबण्याच्या घटनेवाचूनही स्वतंत्रपणे ओळखता येतो. नामापराधांची यादीही काही अंशी या कसोटीला उतरते. ती अपयश येण्याच्या आधी दिलेली आहे, ती मर्यादित आहे, आणि तिच्यातले बहुतेक अपराध साधकाला स्वतःच्या वर्तनात तपासता येतात. याउलट पूर्वजन्मीचे पाप आडवे आले, हे उत्तर त्या कसोटीला उतरत नाही. आत्म्यातले धर्म आणि अधर्म इंद्रियांना वा मनाला आढळण्याजोगे नसल्यामुळे ते आढळले नाहीत म्हणून नाहीत असे ठरत नाही, असे धर्मराजांनीच योग्य अनुपलब्धीची अट समजावताना नोंदवले आहे. त्याच न्यायाने, जे असल्याचे कोणत्याही परीक्षेत कळणार नाही, ते अमुक माणसाच्या बाबतीत निश्चितपणे आडवे आले असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला राहत नाही.

या अधिकाराचा प्रश्न केवळ साधकाच्या मनापुरता नाही. गंगेशाच्या उत्तरातला ‘निषिद्ध स्पर्शांचा अभाव’ हा घटक समाजात उतरला तेव्हा त्याने काही माणसांनाच प्रतिबंधक ठरवले आणि शतकानुशतके मंदिराच्या दाराबाहेर उभे केले. अभाव हे कारण आहे, हा सिद्धांत निर्दोष असला, तरी अमुक अभाव हेच कारण आहे, हे वेगळे विधान आहे आणि त्याला स्वतंत्र प्रमाण लागते. ते कधी कोणी दिले नव्हते. स्पर्श होऊच दिला नाही, तेव्हा स्पर्शाने काय बिघडते हे पाहण्याची संधीच उरली नव्हती. १९३९ मध्ये मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने दलितांचा प्रवेश झाला आणि १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्व हिंदूंना खुले झाले, तेव्हा अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे असता काय आणि नसता काय हे पाहण्याची, रोखून धरलेली परीक्षा त्या मंदिरांत घडली. मूर्तीच्या ठायी अदृश्य असे काय घडते हे त्या परीक्षेने सांगितले नाही, परंतु ज्या कार्याची साक्ष मिळू शकते ते, म्हणजे भक्तांची पूजा, आषाढीची वारी आणि विठ्ठलावरची निष्ठा, प्रतिबंधक मानलेल्याच्या उपस्थितीत पूर्वीसारखेच चालू राहिले. उत्तेजकाच्या चर्चेतून निघालेला निष्कर्ष, की कोणीही आणि काहीही स्वभावतः प्रतिबंधक नसते, येथे नीतीचे रूप घेतो.

यावरून शक्तिवाद सर्वस्वी त्याज्य ठरतो असे नाही. नामात सामर्थ्य आहे, असे मानणारा साधक अपयशानंतर नाम सोडत नाही आणि दोष वाटेत शोधतो. छोट्या रेल्वेतही उगम शाबूत आहे हा भरवसा असल्याशिवाय कोणी फळीखाली शिरून एकेक जोड तपासणार नाही. शक्तीवरचा विश्वास शोधाला टिकाव देतो, प्रतिबंधकाभावाचा सिद्धांत शोधाला दिशा देतो, आणि योग्य अनुपलब्धीची अट शोध कोठे प्रामाणिकपणे थांबवावा हे सांगते. या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट धर्मचर्चेत सर्वांत कमी पाळली गेली. म्हणून ज्याला कोणाला एखाद्या साधकाच्या, समाजाच्या किंवा स्वतःच्या अपयशामागे अडथळा आहे असे म्हणायचे असेल, त्याने तो अडथळा अपयशाचा आधार न घेता आधी दाखवून द्यावा, आणि ते शक्य नसेल तर आपण श्रद्धा सांगत आहोत, कारण सांगत नाही, एवढे स्पष्ट म्हणावे.